पुराणिकाचें फिरतें बिऱ्हाड

देवळाच्या सभामंडपांत चौरंग मांडलेला आहे, त्यावर रुमालांतून सोडलेली पोथी आहे, बाजूस समई तेवत आहे आणि पोथीमागें बसलेला पुराणिक भागवताचे श्लोक म्हणत आहे, हें चित्र महाराष्ट्रांतील जुन्या पिढीच्या चांगल्या ओळखीचें होतें. श्रोते येत, पोथीस नमस्कार करीत, फूल, फळ, मूठभर तांदूळ किंवा एखादा पैसा पुढें ठेवीत आणि पुण्य पदरीं बांधून घरीं जात. पुराणाची समाप्ति झाली म्हणजे पुराणिकहि पोथी बांधून पुढच्या गांवची वाट धरी. त्याची बायकापोरें रात्रीं कोणाच्या ओसरीवर निजत, आणि अवचित पाऊस आला तर तो आधीं पोथी झांकी कीं मूल, हें विचारण्याचें कारण श्रोत्यांस क्वचितच पडे.

श्रोतेहो, आजची हकीकत अशाच एका बिऱ्हाडाची आहे. तें बिऱ्हाड अनंतशास्त्री डोंगरे यांचें. त्यांची धाकटी कन्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनीं पुढें आपले अनुभव स्वतः लिहून ठेवले, म्हणून हा वृत्तांत आज आपल्या हातीं आहे. एरवीं रस्त्यावर जगलेल्या माणसांचें दप्तर कोण ठेवतो?

डोंगऱ्यांचें घराणें कोंकणस्थ ब्राह्मणांचें. परंतु त्यांचें गांव मंगळूरच्या बाजूस, कारकळनजीक माळहेरंजी हें होतें. अनंतशास्त्री तरुणपणीं विद्येसाठीं पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं अध्ययन करूं लागले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावांच्या वाड्यांत बाईसाहेबांस संस्कृत शिकवीत असत. गुरुजींच्या मागोमाग वाड्यांत जाणाऱ्या या शिष्याच्या कानीं एक दिवस स्त्रीच्या मुखांतील संस्कृत श्लोक पडले. त्या काळीं ही गोष्ट इतकी अपूर्व होती कीं, ती त्याच्या मनांत कायमची घर करून बसली. आपल्या घरींहि असेंच व्हावें, असा त्यानें निश्चय केला. स्वगृहीं परतल्यावर त्यांनीं पहिल्या पत्नीस शिकविण्याचा यत्न करून पाहिला; पण घरांतील वडील मंडळींस तें खपलें नाहीं आणि तो यत्न तेथेंच थांबला.

ती पत्नी पुढें वारली. अनंतशास्त्री चाळिशी ओलांडून गेले होते. यात्रेच्या निमित्तानें फिरत असतां गोदावरीच्या कांठीं त्यांची एका यात्रेकरू ब्राह्मणाशीं गांठ पडली. त्या गृहस्थाबरोबर बायको आणि दोन लहान मुली होत्या. घाटावर स्नानाच्या वेळीं ओळख झाली, कुळगोत्राची विचारपूस झाली आणि दुसऱ्याच दिवशीं त्या गृहस्थानें आपली नऊ वर्षांची थोरली मुलगी या पाहुण्यास देऊन टाकली. लग्न आटोपून तो आपल्या यात्रेस निघून गेला. त्या मुलीचें घर तेथून शेंकडों मैलांवर होतें आणि नवरा तिच्या बापाच्या वयाचा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणें यांत कोणास कांहीं विशेष वाटलें नाहीं. विशेष झालें तें पुढेंच. या लहानग्या लक्ष्मीबाईंस अनंतशास्त्र्यांनीं मनापासून संस्कृत शिकविलें, आणि ती शिकली.

स्त्रीला देवभाषा शिकविली, हा बोभाटा झाल्यावांचून कसा राहील? शास्त्रीबोवांस उडुपीच्या पंडितसभेपुढें उभें राहावें लागलें. त्यांनीं शास्त्रांतील आधार एकामागून एक काढून दाखविले आणि सभेला त्यांना दोषी ठरवितां आलें नाहीं. तथापि लोकांची मनें सभेच्या निकालानें पालटत नसतात. अखेर तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा जेथें उगम आहे त्या गंगामूळच्या रानांत, सह्याद्रीच्या माथ्यावर, त्यांनीं आपला आश्रम थाटला. पहिल्या रात्रीं डोक्यावर छप्परहि नव्हतें. दरीच्या पलीकडे वाघाची डरकाळी ऐकूं येत होती. ती बालिका भीतीनें पासोडींत गुरफटून पडली होती आणि शास्त्रीबोवा उजाडेपर्यंत तिच्याजवळ जागत बसले होते.

याच रानांत २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. श्रीनिवास हा भाऊ आणि कृष्णाबाई ही बहीण त्यांच्याहून वडील. गंगामूळ हें तीर्थ असल्यानें यात्रेकरूंची रीघ लागे. विद्यार्थीहि येऊन राहत. आल्यागेल्यास जेवूं घालणें हा शास्त्रीबोवांचा धर्म होता. या अन्नदानांत वडिलार्जित भातशेती व नारळीच्या बागा यांचें उत्पन्न सरलें, कर्ज झालें, आणि शेवटीं आश्रम सोडण्याची पाळी आली. रमाबाई त्या वेळीं सहा महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या मोठ्या पेटींत घालून डोंगराखालीं आणण्यांत आलें. ज्या वयांत मुलें पाळण्यांत असतात त्या वयांत या मुलीची यात्रा सुरू झाली, ती पुढें वीस वर्षें चालली.

या बिऱ्हाडाचा नित्यक्रम कसा असे? एखाद्या क्षेत्रांत पोंचलें म्हणजे देवळाच्या ओवरीवर किंवा धर्मशाळेंत जागा पाहावयाची. मग देवळाचें आवार, नदीचा घाट, तळ्याचा कांठ किंवा मोठ्या झाडाचा पार, अशी जाग्यावरची वर्दळ पाहून पोथी सोडावयाची. वाचन मोठ्यानें आणि सुस्वर करावयाचें, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय थबकत. शास्त्रीबोवा वाचीत, घरांतील इतर माणसेंहि वाचीत, आणि मुली मोठ्या झाल्यावर त्याहि वाचूं लागल्या. श्लोकांचा प्राकृतांत अर्थ सांगण्याची चाल या बिऱ्हाडांत नव्हती. देववाणी कानांवर पडली कीं पुण्य लागलें, मग ती समजो वा न समजो, अशी वाचणाऱ्याची श्रद्धा होती आणि ऐकणाऱ्याचीहि. पोथीपुढें जें पडे त्यावर संसार चाले. फळें येत, मिठाई येत असे, वस्त्र येई, रोकडहि येई. भीक मागावी लागत नव्हती, मजुरी करावी लागत नव्हती. उलट गरजेपुरतें ठेवून जें उरे तें यात्रेंत आणि ब्राह्मणांना दान करण्यांत खर्ची पडे. उद्यांसाठीं कांहीं राखून ठेवणें म्हणजे देवावर अविश्वास दाखविणें, असें त्या घरांतील वळण होतें.

आणि तरीहि, त्या वाटेवर जी एक शाळा चालत होती तिची बरोबरी थोड्याच शाळांना करतां येईल. अनंतशास्त्री आतां वृद्ध झाले होते. म्हणून धाकट्या मुलीस शिकविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं आपल्याकडे घेतलें. दिवसभर स्वयंपाक, देवपूजा, पतीची सेवा आणि मुक्कामाची हलवाहलव यांतून त्यांना उसंत नसे. तेव्हां उजाडण्यापूर्वींची वेळ त्यांनीं निवडली. पांखरें जागीं होत त्या सुमारास आई लाडक्या शब्दांनीं मुलीस उठवी, झोपेनें मान लवणाऱ्या त्या पोरीस जवळ घेई आणि पाठ म्हणवून घेई. फळा नाहीं, पाटी नाहीं. आईच्या मुखांतून निघावें आणि मुलीच्या मुखांत बसावें, एवढेंच साधन. या साधनावर भागवताचे हजारों श्लोक बारा वर्षांच्या आंत मुखोद्गत झाले. कोश झाला, व्याकरण झालें. घरांत मराठी होती, मुलुख कानडी होता, आणि पुढें चालतां चालतां हिंदुस्थानी व बंगालीहि तिच्या जिभेवर आल्या. आणखी एक गोष्ट घडली. कृष्णाबाईंचें लग्न लहानपणीं करून दिलें होतें आणि त्याचा अनुभव कडू आला होता. म्हणून धाकटीच्या लग्नाची घाई शास्त्रीबोवांनीं केली नाहीं. सोळा वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी घेऊन क्षेत्रोक्षेत्रीं फिरणें त्या काळीं किती धैर्याचें होतें, याची कल्पना आज सहसा येणार नाहीं.

परंतु या शाळेंत एक उणीव होती. मुलें बाहेरच्या जगापासून अलिप्त राहावीं, त्यांची शुचिर्भूतता ढळूं नये, म्हणून अनंतशास्त्र्यांनीं त्यांना सरकारी शाळेचें तोंड दाखविलें नाहीं. इंग्रजी नाहीं, जमाखर्च नाहीं, हातानें करावयाचा कोणताहि उद्योग नाहीं. पोथीवर पोट चालेल ही खात्री होती. पण पोथीपुढें तांदूळ ठेवणाऱ्याच्याच घरांतले तांदूळ संपले तर काय करावयाचें, याचा विचार कधीं झाला नव्हता.

ती वेळ १८७४ सालच्या सुमारास मद्रास इलाख्यांत आली. पाऊस गेला, धान्य महाग झालें, आणि लोकांचे हात आंखडले. अनंतशास्त्र्यांची दृष्टि गेली होती आणि शरीर थकलें होतें. संकट आलें तर देवाची आराधना अधिक नेटानें करावी, हेंच ज्ञान त्यांस होतें. म्हणून उरलेला पैसा अनुष्ठानांत, दानांत आणि ब्राह्मणभोजनांत गेला. मग भांडीं विकलीं, चांगलीं वस्त्रें विकलीं. शेवटीं एक दिवस तांदळाचा अखेरचा दाणा शिजला. भीक मागण्यास तोंड उघडत नव्हतें आणि मजुरी ठाऊक नव्हती. तेव्हां चारचौघांसमोर मरण्याऐवजीं रानांत जाऊन मरावें, असें ठरवून तीं सारीं माणसें तिरुपतीजवळच्या अरण्यांत शिरलीं. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनीं पाणी, झाडाचीं पानें आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्या.

अखेर वृद्ध शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेण्याचें ठरविलें. म्हणजे खाणारें एक तोंड कमी झालें असतें. त्यांनीं एकेकास जवळ बोलावून निरोप घेतला. धाकट्या मुलीचें मुख त्यांना दिसत नव्हतें. तिला हृदयाशीं धरून, तूं माझी सर्वांत लाडकी आहेस, तुला मीं देवाच्या स्वाधीन केलें आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचें त्यांनीं सांगितलें. हें पाहून श्रीनिवासाच्या मनाचा बांध फुटला. जातीचा आणि विद्येचा अभिमान बाजूस ठेवून आपण मजुरी करूं, पण वडिलांना असें जाऊं देणार नाहीं, असें त्यानें निक्षून सांगितलें. त्या एका वाक्यानें जलसमाधि टळली. मात्र तें वाक्य त्या घरांत फार उशिरां उच्चारलें गेलें होतें.

तीं रानांतून बाहेर पडून जवळच्या गांवीं आलीं. तेथें कोणी आसरा दिला नाहीं. गांवाबाहेर एका पडक्या देवळांत तीं राहिलीं. एका तरुण ब्राह्मणानें थोडें अन्न आणून दिलें. शास्त्रीबोवांना ताप भरला होता. शेवटच्या दिवशीं त्यांनीं साखरपाणी मागितलें. पाणी होतें, साखर नव्हती. ज्यांनीं गंगामुळास शेंकडों वाटसरूंना पंक्तीस बसवून जेवूं घातलें त्यांना साखरेचा चिमूटभर दाणा मिळाला नाहीं, आणि तशाच स्थितींत त्यांनीं देह ठेवला.

उरलेलीं चौघें रायचुरास पोंचलीं. तेथें लक्ष्मीबाई आजारी पडल्या. भुकेनें व्याकुळ होऊन त्यांनीं शेजारच्या घरून बाजरीच्या भाकरीचा तुकडा आणण्यास रमाबाईंस सांगितलें. मुलगी गेली. घरधनीण गोड बोलली. परंतु अठरा पुराणें वाचणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून "भाकरी द्या" हे दोन शब्द निघेनात. डोळ्यांतलें पाणी तिनें मोठ्या कष्टानें आवरून धरलें; तरी त्या बाईनें चेहऱ्यावरून ओळखलें, आणि तुला कांहीं खावयास हवें आहे का, म्हणून विचारलें. तेव्हां कोठें भाकरीचा तुकडा हातीं आला. मुलगी धांवत आईकडे गेली. पण आईच्या अंगीं आतां खाण्याचीहि शक्ति नव्हती. थोड्याच दिवसांत ती गेली. स्मशान तीन मैल दूर. खांदा देण्यास दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. तिसरा श्रीनिवास, आणि चौथा खांदा रमाबाईंनीं दिला. त्या ठेंगण्या होत्या, खांद्यावर तिरडी समतोल राहीना. म्हणून त्यांनीं आईची तिरडी डोक्यावर घेतली. पुढें कांहीं महिन्यांनीं कृष्णाबाईहि पटकीनें गेल्या.

आतां बिऱ्हाड दोघांचें झालें. भाऊ आणि बहीण दक्षिणेकडून निघून काश्मीरपर्यंत, आणि तेथून पूर्वेकडे, चार हजार मैलांहून अधिक अंतर पायीं चाललीं. कधीं पुलाखालीं, कधीं झाडाखालीं निजावें. कधीं भिजविलेले दाणे मीठ लावून चघळावे. पंजाबांत झेलमच्या कांठीं कडाक्याच्या थंडींत अंगावर पांघरूण नव्हतें. तेव्हां त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून घेऊन रात्र काढली.

या प्रवासांत पाय झिजले, तशी श्रद्धाहि झिजत गेली. हिमालयाच्या बाजूस एका सरोवरांत सात तरते पर्वत होते. पापरहित यात्रेकरूकडे ते आपण होऊन येतात, अशी त्यांची ख्याति. पाण्यांत सुसरी आहेत, उतरूं नका, असें पुजारी बजावीत. श्रीनिवास पहांटे कोणाचें न ऐकतां पाण्यांत उतरला आणि पोहत पर्वतापर्यंत गेला. पाहतो तों लाकडांच्या तराफ्यांवर चिखल थापलेला, त्यावर झाडें लावलेलीं, आणि मागें होडी. यात्रेकरूनें द्रव्य दिलें कीं मागचा माणूस पर्वतास पुढें लोटी! ज्या बिऱ्हाडानें आपलें सर्वस्व अशा ठिकाणीं वाहिलें होतें त्यांतील मुलांनीं हें पाहिलें. बापाचा देव खोटा, असें म्हणण्यास त्यांची जीभ तेव्हां धजली नसेल; पण मनांतील गांठ सुटली, ती पुन्हां बसली नाहीं.

१८७८ सालीं तीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा पाहिली आणि थक्क होऊन तिला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. रस्त्यावरच्या शाळेला मिळालेली ती पावती होती. रमाबाई आतां व्यासपीठावरून बोलूं लागल्या, आणि पुण्य जोडून देण्याऐवजीं स्त्रियांना विद्या द्या असें लोकांस सांगूं लागल्या. पुढचा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८८० सालीं श्रीनिवास गेले. त्याच सालीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला. १८८२ च्या फेब्रुवारींत वैधव्य आलें. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून उठलेलें वादळ पुष्कळ वर्षें शमलें नाहीं. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. या सर्व गोष्टींची चर्चा अनेकांनीं केली आहे. ती येथें पुन्हां नको. परंतु एक धागा सहसा कोणी उचलीत नाहीं, तो मात्र उचलण्याजोगा आहे.

१८९६-९७ सालीं मध्य प्रांतांत मोठा दुष्काळ पडला. रस्त्यारस्त्यांवर निराधार मुली आणि विधवा पडलेल्या होत्या. रमाबाई स्वतः तेथें गेल्या आणि शेंकडों मुलींस घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांवच्या माळावर त्यांनीं या मुलींसाठीं जें घर उभारलें तें "मुक्ति" या नांवानें प्रसिद्ध आहे. तेथें प्रार्थना होती, ग्रंथ होते, शाळा होती. पण त्यांच्या जोडीला शेती होती, गाईगुरें होतीं, हातमाग होते, तेलाचा घाणा होता आणि बायका खिळे जुळवीत असा छापखाना होता. अंध मुलींच्या हातांनाहि काम शिकविलें जाई. सोळा वर्षांच्या वयांत जिच्या तोंडून भाकरी मागण्याचा शब्द निघाला नाहीं, तिनें आपल्या घरांतील एकाहि मुलीवर ती वेळ येऊं नये, अशी ही तजवीज केली होती.

यावरून अनंतशास्त्र्यांस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. ज्या काळीं स्त्रीच्या कानीं संस्कृत पडणें पाप समजत त्या काळीं त्यांनीं पत्नीस व मुलींस विद्या दिली, तिच्यासाठीं गांव सोडला, पंडितांचा रोष पत्करला. त्यांच्या हातून एवढें झालें, हेंच अपूर्व होय. राहिलें तें एकच. विद्येच्या जोडीला हातांस उद्योग देणें त्यांच्या पिढीला सुचलें नाहीं. तें काम मुलीनें पुरें केलें. तिनें बापाचा धर्म सोडला, हें खरें. परंतु देवाची सेवा जन्मभर कर, हें रानांत ऐकलेलें बोलणें तिनें सोडलें नाहीं, आणि पहांटे झोपेंतून उठवून आईनें शिकविलेला पाठहि सोडला नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवासच त्यांचें देहावसान झालें.

वेताच्या पेटींतून जिचा प्रवास सुरू झाला, तिच्या पायांना आयुष्याच्या अखेरीस अशी एक जागा सांपडली. ती जागा अद्यापहि आहे. तेथून आगगाडी जाते तेव्हां डब्यांतील प्रवाशांना झाडें, विहिरी आणि शेतें दिसतात. पुराणिकाचें फिरतें बिऱ्हाड शेवटीं येथें येऊन टेकलें, आणि टेकतांना त्यानें दुसऱ्या हजारों बिनघरांच्या मुलींना जागा करून दिली, एवढें त्यांनीं लक्षांत ठेवावें.